घरात थोरला कुत्रा असताना नवं पिल्लू आणताय? या चुका टाळा

पिल्लू आलं की दोन-तीन दिवसांत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: "मोठा त्याच्यावर गुरगुरतो." मग कोणी मोठ्यावर ओरडतं, कोणी त्याला दुसऱ्या खोलीत कोंडतं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "पुरे झालं, लांब हो" हे सांगायला कुत्र्याकडे गुरगुरण्याइतकं सभ्य साधन दुसरं नाही. त्यावर शिक्षा झाली तरी त्याला होणारा त्रास तसाच राहतो, तो फक्त आधी सांगणं सोडून देतो. पुढे एक दिवस आवाज न करता चावतो आणि सगळे म्हणतात, "काही कारण नसताना चावला."

गुरगुरणं थांबवू नका, त्याचा अर्थ लावा

मोठ्या कुत्र्याची टोकणी, म्हणजे पिल्लाला "पुरे" म्हणून टोकणं, कशी असते ते नीट पाहा. पिल्लू त्याच्या कानाला लटकतं. मोठा आधी मान फिरवतो, जीभ ओठांवरून फिरवतो, जांभई देतो. पिल्लाला यातलं काही कळत नाही. मग अंग ताठ होतं, ओठ वर जातो, गुरगुर येते आणि शेवटी तो अंगाला न लागता हवेत दात कडकन आपटतो. पिल्लू कुंईकुंई करत मागे सरकतं आणि मोठा लगेच शांत होतो. सगळं एक-दोन सेकंदांत संपतं, जखम होत नाही. ही टोकणी पिल्लाला हवीच असते, त्यात पडू नका.

मध्ये पडायचं ते पिल्लू मागे सरल्यावरही मोठा त्याच्या अंगावर जात राहिला तर. धरून झटकलं, दात रुतले, किंवा पिल्लू नुसतं चालत असताना मोठा त्याच्यावर नजर रोखून दबकत येऊ लागला, तर ती टोकणी उरलेली नाही. दोघांना वेगळं करा.

बऱ्याचदा यापेक्षा सोपा उपाय असतो: मोठ्याने मान फिरवली किंवा ओठ चाटले त्याच क्षणी पिल्लाला हाक मारून बाजूला बोलवा. मोठ्याला गुरगुरायची वेळच येत नाही, आणि माणसं आपली बाजू सांभाळतात हे त्याला कळतं.

"घरात बॉस कोण" हे तुम्ही ठरवू नका

पिल्लाला उताणं दाबून धरणं किंवा मोठ्याचा मान राखायचा म्हणून पिल्लाला प्रत्येक गोष्टीत मागे ढकलणं, या सवयी जुन्या अल्फा-कल्पनेतून आल्या, म्हणजे कळपात हाणामारी करून एकजण म्होरक्या (अल्फा) होतो या समजातून. तिचा पाया म्हणजे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची निरीक्षणं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी ती १९४७ मध्ये मांडली. ही कल्पना पुढे लोकप्रिय करणाऱ्यांपैकीच एक असलेले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की कळप म्हणजे सहसा आई-वडील आणि त्यांची पिल्लं असतात, हाणामारी करून वर चढलेली टोळी नसते.

घरातल्या कुत्र्यांतही एकच पक्की उतरंड क्वचित दिसते. एकाला गादी प्यारी असते, दुसऱ्याला चेंडू. ज्याला जे जास्त हवं त्यासाठी तो अडतो, बाकीचं सोडून देतो. मोठ्याचं भांडं आधी ठेवायची शिस्त खुशाल ठेवा, रोजचा क्रम ठरलेला असला की दोघंही निवांत राहतात. पण कोणी कुणापुढे नमायचं हे शिकवायला जाऊ नका.

पहिली भेट दिवाणखान्यात घडवू नका

घर मोठ्याचं, तिथला वास त्याचा. त्यामुळे भेट बाहेरच्या जागी घडवा. पिल्लाच्या लसी पूर्ण झाल्या नसतील (हा कोर्स साधारण १६ आठवड्यांच्या वयापर्यंत चालतो), तर अनोळखी कुत्री फिरतात ती जागा टाळा आणि मोठ्याचं लसीकरण चालू आहे ना ते आधीच पाहून घ्या. दोन माणसं, दोन दोऱ्या. पाच-सहा मीटर अंतर ठेवून एकाच दिशेने चाला, हळूहळू जवळ या. दोन-तीन सेकंद हुंगू द्या, मग दोघांना हाक मारून लांब घ्या, पुन्हा जवळ आणा. दोरी सैल हवी. ती ताणली की कुत्र्याचं अंग आपोआप पुढे झुकतं, मान ताठते आणि समोरच्याला त्यात धमकी दिसते.

घरात शिरण्याआधी जमिनीवरची खेळणी, चघळायची हाडं आणि भांडी उचलून ठेवा.

भांडी शेजारी-शेजारी ठेवू नका

पिल्लू दिवसातून तीन-चारदा जेवतं, मोठा दोनदा. दोघांना वेगळ्या खोलीत किंवा मध्ये गेट (दारात लावायचं ठेंगणं फाटक) लावून वाढा आणि १५ मिनिटांनी भांडी उचला, रिकामी असली तरी. मोठा भांड्यावर मान घालून थिजला, खाण्याचा वेग एकदम वाढला, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसू लागलं, की तो राखण करतोय असं समजा आणि अंतर वाढवा. हाडं आणि चघळायच्या वस्तू दोघं वेगवेगळे असतानाच द्या.

मोठ्याला पळवाट ठेवा

घरातल्या मांडणीत सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते बेबी गेट. त्याच्या पलीकडे मोठ्याची गादी आणि पाणी, पिल्लाला प्रवेश नाही. पिल्लाला दिवसातून १८ ते २० तास झोप लागते. एक तासभर जागं राहिलं की त्याला क्रेटमध्ये (कुत्र्याच्या झोपायच्या पिंजऱ्यात) किंवा कुंपणात झोपवा. झोप झाली नाही की पिल्लू पिसाटतं, चावत सुटतं, आणि त्याचा मार मोठाच खातो. पहिले काही आठवडे दोघांना तुमच्या नजरेआड एकत्र सोडू नका.

खेळ चाललाय की छळ, हे कळत नसेल तर पिल्लाला काही सेकंद धरून ठेवा. मोठा स्वतःहून परत आला तर त्याला खेळायचंय. उठून निघून गेला तर उत्तर मिळालं.

मोठा आठ-दहा वर्षांचा असेल आणि फक्त मागच्या पायांना धक्का लागल्यावर चिडत असेल, तर पिल्लाचा विषय बाजूला ठेवून आधी व्हेटकडे जा. सांधे दुखत असताना उडी मारणारं पिल्लू कोणालाच सहन होत नाही. ऐकू कमी येणारा कुत्राही असाच दचकून झडप घालतो.

"आता जमलं" म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका

चार-पाच महिन्यांपर्यंत मोठी कुत्री पिल्लाचं बरंच खपवून घेतात. नंतर ही सूट संपते. सहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंतचं वय तारुण्याचं, या काळात जुनी कुरबुर नव्याने डोकं वर काढते. काही बिघडलंय असं नाही, गेट आणि वेगळी भांडी पुन्हा आणा आणि दोघांना रोज वेगवेगळं फिरवायला न्या.

भांडण जुंपलंच तर गळपट्ट्याकडे हात नेऊ नका, चावा तिथेच बसतो. मोठा आवाज करा, मध्ये फळी किंवा उशी घाला, जाड चादर टाका. सुटल्यावर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा आणि केसांखाली बोटं फिरवून त्वचा तपासा. दाताचं भोक वरून इवलंसं दिसतं, आत मात्र खोल गेलेलं असतं. ते आढळलं तर त्याच दिवशी व्हेटला दाखवा, आणि पुन्हा एकत्र आणण्याआधी कुत्र्यांच्या वर्तनातल्या जाणकाराला घरी बोलवा.