कोपर दुखतंय, पण गोल्फ सोडवत नाही? या चुका टाळा

साताऱ्यात राहून गोल्फ खेळतो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठं?" महिन्यातून दोन रविवार पुण्याला, बाकीचे दिवस घराच्या गच्चीवर. जाळी बांधलीय, स्लॅबवर हिरवी चटई आणि समोर अजिंक्यतारा. उजवं कोपर याच गच्चीनं धरलं, हे कळायला मला चार महिने लागले.

सुरुवात ओला टॉवेल पिळताना झाली. कोपराच्या आतल्या बाजूला जे टोकदार हाड लागतं, तिथं बारीक कळ आली. या दुखण्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. मग सांडशीनं चहाचं पातेलं उचलतानाही. मी तीन आठवडे क्लबला, म्हणजे गोल्फच्या काठीला, हात लावला नाही, दुखणं गेलं. खूश होऊन चौथ्या रविवारी सलग शंभर चेंडू मारले. सोमवारी दुचाकीचा ॲक्सिलरेटर पिळता येईना.

माझी सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बहुतेकजण हीच करतात. मनगट आत वळवणाऱ्या स्नायूंची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन) त्या हाडाला चिकटलेली असते. दुखणं जुनं झालं की तिथं नुसती सूज नसते, कंडरेच्या तंतूंची झीज झालेली असते. विश्रांतीनं कळ थांबते, पण कंडरा बळकट होत नाही. तिला हळूहळू वाढवत नेलेला भार लागतो.

फिजिओथेरपिस्टनं मला दिलेला व्यायाम साधा आहे. हात टेबलावर, तळवा वर, मनगट कडेच्या बाहेर. हातात पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली, म्हणजे साधारण एक किलो. मनगट दुसऱ्या हाताच्या आधारानं वर न्यायचं आणि चार-पाच सेकंद घेत खाली सोडायचं. सगळं काम त्या सावकाश सोडण्यात आहे. असे पंधराचे तीन फेरे. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त ठणकलं तर बाटलीतलं पाणी कमी करायचं. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका. मी एकदा सोडून बघितलंय.

आता चटई. गवतावर क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागला तर माती उडते आणि धक्का मातीत जिरतो. स्लॅबवरच्या पातळ चटईवर तो मनगटातून थेट कोपरात येतो. चूक दिसतही नाही, कारण चटईवरून क्लब घसरून चेंडू बऱ्यापैकी जातोच. मी खाली जाड रबरी शीट टाकली आणि सुरुवातीचे काही आठवडे चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) ठेवूनच मारले. खेळाकडे परतताना आधी पटिंग (चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलणं), मग छोटे चिप (जवळचे हलके फटके), मग अर्धा स्विंग. एक दिवसाआड वीस-पंचवीस चेंडू.

पकड हा आमच्याकडचा खास रोग. लहानपणी कुदळ धरलेला हात क्लबही कुदळीसारखाच आवळतो. ग्रिपचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर आणखी आवळतो, तेव्हा ते वेळेवर बदला.

पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा ओलांडून दोन-अडीच तास स्टिअरिंग धरायचं आणि उतरल्या उतरल्या ड्रायव्हर (लांब फटक्याचा सगळ्यात लांब क्लब) फिरवायचा, हेही बंद करा. आधी दहा मिनिटं चाला, खांदे-मनगटं मोकळी करा.

तालमीतला कुणीतरी "कडकडून चोळून देतो" म्हणतोच. आतल्या बाजूला नको. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ती नस तिथूनच जाते, जोरात रगडलं की ती चिडते. कोपराचा पट्टा बांधणारे तो नेमका दुखऱ्या हाडावर बांधतात. तो हाडाच्या दोन बोटं खाली, स्नायूवर हवा, झोपताना काढायचा. वेदनाशामक गोळी घेऊन खेळायला उतरणं म्हणजे दुखणं झाकून त्यावर आणखी भार टाकणं. स्टेरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे बरं वाटतं, पण दुखणं परतण्याची शक्यता असते, म्हणून पुन्हा पुन्हा घेऊ नये.

नावावरूनही गोंधळ होतो. उजव्या हातानं खेळणाऱ्याचं डावं कोपर बाहेरून दुखत असेल तर तो टेनिस एल्बो, आणि गोल्फ खेळणाऱ्यांना तोही सर्रास होतो. तिथं व्यायाम तळवा खाली ठेवून करायचा. माझ्या ओळखीच्या एकानं महिनाभर उलटा केला.

करंगळी-अनामिकेत मुंग्या, हातातून वस्तू निसटणं, कोपर लाल-गरम होऊन ताप, यांपैकी काही असेल तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण किंवा घाम आला तर कोपर विसरा, थेट दवाखाना गाठा.