दसरा ते पाडवा : जर्मनीत गाडीच्या टायरांची तयारी

गणपती उठले की वर्कशॉपला फोन करायचा, हे यादीतलं पहिलं काम. जर्मनीत ऑक्टोबर उजाडला की टायर बदलून घेणाऱ्यांची रीघ लागते, आणि कुठेतरी पहिला बर्फ पडल्याची बातमी आली की पुढचे दोन-तीन आठवडे वेळच मिळत नाही. इथे ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा सरधोपट हिशेब चालतो. आपल्याला तो लक्षात ठेवायला अगदी सोपा आहे: दसऱ्याची गाडीची पूजा हिवाळी टायरांवर करायची आणि उन्हाळी टायर पाडवा झाल्यावर चढवायचे. पाडवा मार्चातच आला तर मात्र ईस्टरपर्यंत थांबा. म्युनिकमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला बर्फ पडला तर कुणाला नवल वाटत नाही.

फोन करण्याआधी एक गोष्ट ठरलेली हवी: हिवाळी आणि उन्हाळी असे दोन सेट ठेवायचे, की बारा महिने ऑल-सीझनवर, म्हणजे दोन्ही ऋतूंत चालणाऱ्या एकाच सेटवर काढायचे? पुण्याला किंवा कोल्हापूरला गाडी शिकलेल्या माणसापुढे हा प्रश्न कधी आलेलाच नसतो. मग इथे आल्यावर तो चार ओळखीच्यांना विचारतो आणि प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, ‘आमचं तर ऑल-सीझनवर मस्त चाललंय.’ त्यांचं चाललंय, कारण त्यांचे रस्ते तसे आहेत. तुमचे कसे आहेत, ते आधी बघा.

त्यासाठी एका संध्याकाळी बसून नोव्हेंबर ते मार्च तुम्ही गाडी कुठे कुठे नेता ते कागदावर लिहून काढा. ऑफिस, पाळणाघर, इंडियन स्टोअर, शनिवारची मराठी शाळा, नाताळच्या सुट्टीतली सहल. प्रत्येक ठिकाणापुढे एकच खूण करा: बर्फ पडलेल्या सकाळी इथे गाडीनेच जावं लागतं, की ट्राम, एस-बान (लोकल गाडी) किंवा घरून काम चालतं? सगळा निर्णय या खुणेवर आहे. शहराचं नाव फसवं असतं. फ्रायबुर्ग जर्मनीतल्या सर्वांत उबदार शहरांत मोडतं, पण शहराला लागूनच 1284 मीटर उंचीचा शाउइन्सलांड डोंगर आहे आणि त्या घाटात जानेवारीत वेगळंच जग असतं. स्टुटगार्टमध्ये खाली मध्यवस्तीत नुसता पाऊस असतो आणि चढ चढून डेगेरलोखला पोचेपर्यंत रस्ता पांढरा झालेला असतो. कोलोन-ड्युसेलडॉर्फकडे ऱ्हाइनच्या सखल पट्ट्यात राहणाऱ्याला वर्षातून मोजके दिवस बर्फ दिसतो. म्युनिक साधारण 520 मीटरवर आहे आणि तिथून आल्प्सच्या पायथ्याच्या आल्गॉय किंवा गार्मिशकडे निघालात की उंची वाढतच जाते.

माझं मत स्पष्ट आहे. म्युनिक, आल्गॉय, ब्लॅक फॉरेस्ट, हार्त्स, एर्त्सगेबिर्ग अशा भागांत राहणारे, किंवा दर हिवाळ्यात आल्प्सकडे जाणारे यांनी दोन सेट ठेवावेत, त्यात काटकसर करू नये. ऱ्हाइनकाठी किंवा हॅम्बुर्गच्या बाजूला राहता, गाडी लहान आहे, वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटरच फिरते आणि बर्फाच्या दिवशी ती घरी ठेवता येते, तर चांगल्या प्रतीचे ऑल-सीझन घ्या आणि निश्चिंत राहा. मधल्या लोकांनी आपल्या कागदावरच्या खुणा प्रामाणिकपणे मोजाव्यात.

फरक कशाने पडतो ते एकदा टायरजवळ उकिडवं बसून बघण्यासारखं आहे. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं. 7 अंशांच्या खाली हिवाळी टायर चांगले, हा त्यावरूनच आलेला ठोकताळा. काटेकोर सीमारेषा नव्हे. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण असं ठेवलेलं असतं की ते गोठणबिंदूखालीही लवचीक राहतं. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा असतात. अंगठ्याने ठोकळा दाबला की त्या उघडतात, आणि ब्रेक मारल्यावर नेमकं हेच होऊन त्यांच्या कडा बर्फात रुततात. शिवाय नक्षीच्या खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फाची पकड बर्फावर चांगली बसते. ऑल-सीझनमध्ये हे सगळं असतं, पण अर्ध्या मापाने, कारण त्याला जुलैच्या 35 अंशांतही चालायचं असतं. म्हणून तो उन्हाळ्यात कोरड्या तापलेल्या रस्त्यावर चांगल्या उन्हाळी टायरपेक्षा काही मीटर पुढे जाऊन थांबतो आणि दाट बर्फाच्या घाटात हिवाळी टायरपेक्षा आधी हात टेकतो. ‘आमची गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे’ या भरवशावरही राहू नका. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते छान. थांबवायचं काम मात्र टायरलाच करावं लागतं. आणि पाऊस पडता पडता रस्त्यावर गोठून काचेसारखा थर होतो तेव्हा कुठलाच टायर पुरेसा नाही. त्या सकाळी ऑफिसला सरळ कळवा, येत नाही म्हणून.

कायद्याचं बघायचं तर जर्मनीत हिवाळी टायरना ठरावीक तारखा नाहीत. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेलं पाणी किंवा गोठलेलं दव असेल तर त्या वेळी योग्य टायर असलेच पाहिजेत, एवढाच नियम. उभ्या गाडीला तो लागू नाही. योग्य टायर कोणता हे टायरच्या बाजूवरच्या एका चिन्हावरून ठरतं: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. जुने, नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेले टायर 30 सप्टेंबर 2024 पर्यंतच चालत होते, तेही 2017 अखेरपर्यंत बनलेले असतील तर. सेकंडहँड गाडीबरोबर ‘हिवाळी टायर फुकट’ मिळत असतील तर वाकून आधी हे चिन्ह शोधा. ते नसताना बर्फात सापडलात तर 60 युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गला ठेवल्या जाणाऱ्या चालकांच्या नोंदवहीत दंडाचा एक गुण. तुमच्यामुळे वाहतूक अडली तर 80 युरो. गाडी तुमच्या नावावर आहे आणि मित्र चालवत होता, तरी तुम्हाला वेगळा 75 युरोंचा दंड आणि एक गुण लागतो. पण पैशांपेक्षा मोठी बाब विम्याची. चुकीच्या टायरवर अपघात झाला तर विमा कंपनी निष्काळजीपणाचा मुद्दा काढून भरपाई कापू शकते.

ऑल-सीझन घेणाऱ्यांनीही हेच चिन्ह बघायचं. इथे अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या सल्ल्याने गोंधळ होतो. न्यू जर्सीतला भाऊ ज्याला ऑल-सीझन म्हणतो त्या टायरवर बऱ्याचदा डोंगर-हिमकणाचं चिन्ह नसतं. उत्तर अमेरिकेत ते चिन्ह असलेला बारमाही टायर ‘ऑल-वेदर’ म्हणून विकला जातो. क्युबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे असतात आणि तिथेही चिन्ह नसलेला ऑल-सीझन चालत नाही. तेव्हा फोनवर सल्ला घेताना नाव नका विचारू, चिन्ह आहे का ते विचारा.

आता घरात पडून असलेल्या जुन्या सेटची तपासणी. दोन युरोचं नाणं घ्या आणि नक्षीच्या मुख्य खाचेत उभं करा. त्याची बाहेरची चंदेरी कड साधारण 4 मिलिमीटरची असते. कड पूर्ण बुडाली तर ठीक; थोडी जरी वर दिसली तरी तो टायर हिवाळ्याच्या कामाचा उरला नाही असं समजा. कायद्याने 1.6 मिलिमीटर पुरतात, पण तेवढ्या नक्षीने बर्फात भागत नाही. एकाच ठिकाणी मोजू नका. आतली कड, मध्य, बाहेरची कड, तिन्हीकडे नाणं लावा; एकीकडेच जास्त घासला असेल तर अलाइनमेंट करून घ्यायची वेळ झाली. मग वय. ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. 3823 म्हणजे 2023 सालचा 38 वा आठवडा. आठ वर्षांच्या पुढचे हिवाळी टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलावेत, कारण रबर कडक होत जातं आणि त्याचा मूळ गुणच जातो.

नवे घ्यायचे असतील तर गाडीच्या नोंदणीपत्रावरच्या 15.1 आणि 15.2 या रकान्यांत माप बघा. हिवाळ्यासाठी लहान रिम आणि थोडा अरुंद टायर चालतो का हे वर्कशॉपला विचारा. बरेचदा चालतो आणि बराच स्वस्त पडतो. चारही टायर एकाच जातीचे घ्या. पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी ही काटकसर वळणावर गाडीची मागची बाजू फिरवते. हिवाळी टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असेल तरी चालते, पण ती लिहिलेलं स्टिकर चालकाला दिसेल असं डॅशबोर्डवर लावावं लागतं. इलेक्ट्रिक गाडी जड असते, तिच्यासाठी भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, नीट जुळवा. हवेच्या दाबाचे सेन्सर चाकातच असतील तर दुसऱ्या सेटला दुसरे सेन्सर लागतात. हा खर्च कोटेशनमध्ये धरलाय का ते आधीच विचारा, नाहीतर बिल बघून डोळे पांढरे होतात.

दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च, हे मात्र खरं नाही. एक सेट चालतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो, त्यामुळे दोन्ही जास्त वर्षं टिकतात. खरा वाढीव खर्च असतो तो दुसऱ्या रिमांचा, वर्षातून दोनदा बदलण्याचा आणि केलर (तळघर) नसेल तर वर्कशॉपच्या कोठारात ठेवण्याचा. रिमांवर पैसे घालावेत, असं मी आग्रहाने सांगेन. रिमसकट चाक बदलणं अर्ध्या तासाचं काम. रिम एकच असेल तर दरवेळी टायर उतरवा, चढवा, बॅलन्सिंग करा, आणि त्यात टायरच्या कडेलाही इजा होऊ शकते. कंपनीची लीजची गाडी असेल तर करारात टायरचा समावेश आहे का, आणि कोणत्या वर्कशॉपमध्ये, ते सप्टेंबरातच वाचून घ्या.

बदलण्याच्या दिवशी निघण्याआधी दोन गोष्टी बघा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना ज्या दिशेने चाक फिरतं त्याच दिशेला हवा. आणि थंड टायरमधला हवेचा दाब दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे हवा. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब सुमारे 0.1 बार कमी होतो, म्हणून नोव्हेंबरात आणि जानेवारीत परत तपासा. 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे. वर्कशॉप हे बिलावर लिहून देतं आणि लोक ते वाचत नाहीत. हे खरोखर करा.

नाताळात सीमा ओलांडणार असाल तर यादी थोडी वाढते. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळात हिवाळी परिस्थितीत हिवाळी टायर लागतात आणि 4 मिलिमीटरच्या खाली नक्षी गेलेला टायर तिथे हिवाळी धरलाच जात नाही. जर्मनीत चालणारी तुमची 3 मिलिमीटरची नक्षी सीमेवरच्या क्युफश्टाइनच्या पुढे चालत नाही, ती अशी. निळ्या गोलात साखळीचं चित्र दिसलं की चाकांवर बर्फात पकडीच्या साखळ्या चढवाव्याच लागतात, म्हणून त्या विकत घेतल्यावर घरापुढे कोरड्या जागी एकदा बसवून बघा. अंधारात, हातमोजे घालून, मागे गाड्यांची रांग असताना सूचनापत्रिका वाचवत नाही. भाड्याच्या गाडीसाठी बुकिंग करतानाच टायरचं लेखी विचारून ठेवा.

डिकीत बर्फ खरवडायचं पातं, झाडू, काच धुण्याचं उणे वीस अंशांपर्यंत न गोठणारं पाणी, हातमोजे आणि एक घोंगडी, एवढं पुरे.

पाडव्यानंतर उतरवलेल्या चाकांवर खडूने पुढचं डावं, मागचं उजवं असं लिहा, धुऊन कोरडी करा आणि रिमसकट असतील तर एकावर एक आडवी ठेवा. नुसते टायर असतील तर उभे ठेवून अधूनमधून फिरवा. ऑल-सीझनवाल्यांनी त्याच सुमारास पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून घ्यावीत, बाण असेल तर त्याच बाजूला ठेवून, आणि नाणं पुन्हा एकदा खाचेत घालून बघावं. नक्षी 4 मिलिमीटरच्या जवळ आली असेल तर तो उन्हाळा त्यांच्यावर काढा आणि नव्यांची ऑर्डर ऑगस्टमध्येच द्या.