स्प्लंक अॅपचे पॅकेजिंग: नवख्यांसाठी अनुभवाचे चार शब्द

सर्व्हरचे लॉग शोधण्यासाठी आणि त्यांचे विश्लेषण करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्प्लंकवर काम सुरू करणारे बहुतेक जण आधी सर्च लिहायला शिकतात, मग डॅशबोर्ड बनवतात, आणि अॅप पॅकेज करण्याचा विचार त्यांच्या मनात येतो तो अगदी शेवटी, बहुधा मुदत उद्यावर आलेली असताना. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. आपल्या मशीनवर चालणारे अॅप दुसऱ्याच्या मशीनवर चालेल की नाही, हे पॅकेज करणारी कमांड ठरवत नाही. ते आपल्या फाइली कोणत्या फोल्डरात पडल्या आहेत त्यावरून ठरते.

स्प्लंकचे अॅप म्हणजे 'ईटीसी/अॅप्स'खालचे एक साधे फोल्डर, आणि ते दुसऱ्याला देण्यासाठी बांधलेली '.एसपीएल' ही पॅकेजची फाइल म्हणजे नाव बदललेले 'टार-जीझिप', म्हणजे अनेक फाइली एकत्र दाबून बनवलेले गाठोडे. त्या फोल्डरात 'डिफॉल्ट' आणि 'लोकल' अशी दोन उपफोल्डरे असतात. 'डिफॉल्ट'मध्ये अॅप लिहिणाऱ्याची सेटिंग असते, तर 'लोकल'मध्ये ते वापरणाऱ्याची. एकच सेटिंग दोन्हीकडे असेल तर 'लोकल'मधली चालते. अॅपची नवी आवृत्ती आली की 'डिफॉल्ट' बदलले जाते, 'लोकल'ला मात्र हात लागू नये अशी अपेक्षा असते. आपण पॅकेजमध्ये 'लोकल' तसेच ठेवून दिले, तर ग्राहकाने स्वतःसाठी केलेले बदल पुसले जाण्याचा धोका असतो. म्हणूनच 'अॅपइन्स्पेक्ट' या स्प्लंकच्या तपासणी-साधनात ते फोल्डर नाकारले जाते.

खरी मेख अशी की ब्राउझरमधून केलेले बहुतेक बदल स्प्लंक 'लोकल'मध्येच लिहितो. त्यामुळे पॅकेज करण्यापूर्वी तिथल्या फाइली एकेक उघडून, उपयोगाचा मजकूर 'डिफॉल्ट'मध्ये हलवणे हे आपलेच काम ठरते. परवानग्यांचेही तसेच: त्या 'मेटाडेटा' फोल्डरातील 'लोकल.मेटा'मध्ये साठतात आणि 'डिफॉल्ट.मेटा'मध्ये आणाव्या लागतात. त्यातून डॅशबोर्ड 'प्रायव्हेट' ठेवून सेव्ह केला असेल, तर तो अॅपच्या फोल्डरात नसतोच. 'ईटीसी/यूजर्स'खाली आपल्या नावाच्या फोल्डरात बसलेला असतो. आपल्याला तो पडद्यावर रोज दिसत असल्यामुळे पॅकेजमध्ये नाही हे ध्यानात येत नाही, आणि ग्राहकाचा फोन येतो की मेनूत नाव आहे पण पान उघडत नाही. कोणती सेटिंग कोणत्या फाइलीतून येते याचा छडा लावायचा असेल तर 'बीटूल' ही कमांड 'डीबग' पर्यायासह चालवावी; प्रत्येक ओळीसमोर तिच्या फाइलीचा पत्ता छापून येतो. पडद्यावर दिसते त्यापेक्षा या यादीवर विश्वास ठेवण्याची सवय नवख्याने लवकर लावून घ्यावी.

पासवर्डची फाइल तर चुकूनही बरोबर जाऊ देऊ नये. 'पासवर्ड्स.कॉन्फ'मधला मजकूर ज्या सर्व्हरवर तयार झाला, त्याच्या 'स्प्लंक.सीक्रेट' या गुप्त किल्लीच्या फाइलीने कूटबद्ध केलेला असतो. दुसरीकडे तो उघडत नाही आणि सुरक्षेच्या दृष्टीने लाजिरवाणा ठरतो तो वेगळाच.

एवढी झाडलोट झाली की कमांड लाइनचे काम सोपे राहते. 'पिप' या पायथनच्या इन्स्टॉलरने 'स्लिम' नावाचे पॅकेजिंग टूलकिट घ्यावे. त्यातील एक कमांड 'अॅप.कॉन्फ' ही अॅपची मूळ माहिती असलेली फाइल वाचून 'अॅप.मॅनिफेस्ट' हे अॅपचे वर्णनपत्र तयार करते, दुसरी रचना पडताळते आणि तिसरी पॅकेज बांधते. गिटचे (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचे) फोल्डर, चाचणीचा डेटा असल्या फाइली वगळण्यासाठी त्यांची नावे '.स्लिमइग्नोर'मध्ये लिहावीत. हाताने 'टार' करणारेही पुष्कळ आहेत आणि त्यात काही वावगे नाही. मात्र मॅकवरचे 'टार' टिंब-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली आत घुसवते, त्या टाळण्यासाठी 'कॉपीफाइल_डिसेबल' हे व्हेरिएबल 1 करून मगच ते चालवावे.

त्यानंतर पॅकेज 'अॅपइन्स्पेक्ट'कडे द्यावे. स्प्लंकच्या क्लाउड सेवेसाठीचे अॅप असेल तर 'क्लाउड' टॅग लावून तपासणी करावी, कारण तिथले नियम अधिक कडक आहेत. अहवालातील 'फेल्युअर' तर काढायलाच लागतात, परंतु 'वॉर्निंग'ही वाचून पाहावेत. ते नुसते मोजून पुढे जाणाऱ्यांची मला चीड येते. फोल्डराचे नाव आणि 'अॅप.कॉन्फ'मधील पॅकेज आयडी जुळत नसणे, फाइलींना गरजेपेक्षा मोकळ्या परवानग्या असणे, या गोष्टी तिथे हमखास सापडतात. मात्र डॅशबोर्डवर आकडे बरोबर येतात की नाही, हे अॅपइन्स्पेक्ट सांगत नाही. त्यासाठी कोऱ्या स्प्लंकवर अॅप बसवून पाहण्याला पर्याय नाही. डॉकर या सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनासाठीची स्प्लंकची अधिकृत, तयार इमेज त्या कामी पुरते.

कोऱ्या मशीनइतकीच जुन्या आवृत्तीवरची चाचणीही महत्त्वाची असते. आधीचे पॅकेज बसवावे, ग्राहक करील तसा एखादा बदल 'लोकल'मध्ये करावा आणि मग नवे पॅकेज 'अपडेट' पर्यायाने चढवून तो बदल टिकला का ते पाहावे. त्याच वेळी 'अॅप.कॉन्फ'मधील आवृत्तीचा क्रमांक वाढवला आहे ना, हे तपासावे. आणि 'अॅपसर्व्हर/स्टॅटिक'मधील जावास्क्रिप्ट वा सीएसएस बदलले असेल तर 'बिल्ड' क्रमांकही वाढवावा, नाहीतर ब्राउझर साठवून ठेवलेली जुनीच फाइल दाखवत राहतो.