एसी बसवणारा निवडताना या चुका टाळा

स्प्लिट एसी घेताना लोक स्टार बघतात, टनाचा हिशोब करतात, पाचशे रुपयांसाठी तीन दुकानं फिरतात. बसवायला मात्र दुकानदार पाठवेल तो माणूस चालतो. स्प्लिट एसीचं अर्धं काम कारखान्यात होतं आणि अर्धं तुमच्या भिंतीवर. तांब्याचा पाईप, चार फ्लेअर जोड (पाईपचं तोंड फुलवून नटाने आवळलेले), ड्रेन, वायरिंग हे सगळं घरी होतं, आणि मशीन पुढे त्रास देतं ते बहुधा या घरच्या अर्ध्यामुळेच.

व्हॅक्यूमबद्दल फोनवरच न विचारणं

सगळ्यात मोठी चूक हीच. पाईप जोडून झाल्यावर त्यात हवा आणि ओलावा असतो. तो व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायचा असतो. घाईत असलेला मेकॅनिक पंप आणतच नाही. आउटडोअरचा एक व्हॉल्व्ह जरा उघडतो, दुसऱ्या बाजूचा नट सैल ठेवतो, पाच-दहा सेकंद फुस्स आवाज येऊ देतो आणि म्हणतो, "एअर काढली." याला पर्जिंग म्हणतात. यात मोकळी हवा बरीचशी ढकलली जाते, पण पाईपला आतून चिकटलेला ओलावा तिथेच राहतो. शिवाय मोजून भरलेला गॅस वाया जातो, आणि आर-३२ हा एसीतला गॅस थोडा का होईना, ज्वलनशील आहे.

पंपाने दाब इतका खाली जातो की ३० अंशांच्या खोलीतही पाणी उकळून वाफ होतं आणि बाहेर ओढलं जातं. दुसरा कुठलाही उपाय हे करत नाही. आत राहिलेलं पाणी कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिसळून आम्ल तयार करतं. राहिलेली हवा कंडेन्सरमध्ये, म्हणजे आउटडोअरच्या कॉइलमध्ये, अडकून दाब वाढवते. एसी पहिल्या दिवशी थंडच करतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. बिल वाढतं आणि कॉम्प्रेसर वेळेआधी जातो. पावसाळ्यात, त्यातही मुंबई-कोकणच्या दमट हवेत, पाईपची तोंडं रात्रभर उघडी ठेवून "उद्या जोडतो" म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावं.

विचारायचं एवढंच: "पंप आणणार ना? किती वेळ चालवणार?" उत्तर वीस मिनिटं ते अर्धा तास असं आलं तर माणूस कामाचा. मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम बारकाईने मोजणारं मीटर) आहे म्हणाला तर दोनशे रुपये जास्त द्या, पण त्यालाच बोलवा. दाब ५०० मायक्रॉनच्या खाली न्यायचा, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दहा मिनिटं आकडा बघायचा. थोडा चढून थांबला तर ओलावा उरला आहे, पंप पुन्हा चालवा. चढतच राहिला तर कुठेतरी गळती आहे. साध्या काट्याच्या गेजवर ५०० आणि ५,००० मायक्रॉन जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे फक्त काट्यावर पूर्ण विसंबू नये.

"गॅस संपला" यावर विश्वास ठेवणं

गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळला, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा गळणारच.

हे प्रकरण घरोघरी एकाच क्रमाने घडतं. एप्रिलमध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पाऊण तासात बसतो. घरचे म्हणतात, पोरगा फार चपळ आहे. पुढच्या मे महिन्यात कूलिंग कमी होतं. मेकॅनिक येतो, गेज लावतो, "गॅस कमी आहे" म्हणतो, भरतो, पैसे घेतो. दोन महिन्यांत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कुणीतरी इनडोअरमागची टेप सोडतो, तेव्हा फोमखाली नटाभोवती तेलकट डाग दिसतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, म्हणून असा डाग म्हणजे गळतीची खूण. नट काढला की फ्लेअरच्या कडेला केसासारखी चीर. पाईप कापल्यावर आत उरलेली खरखरीत कड, म्हणजे बर, रीमर या अवजाराने काढलेली नसते, फ्लेअर वाकडा झालेला असतो, आणि तो बसावा म्हणून मोठ्या पान्याने जीव खाऊन आवळलेला असतो. साबणाचं पाणी पहिल्याच दिवशी लावलं असतं तर तीनदा गॅस भरावा लागला नसता.

म्हणून नियम असे ठेवा. फ्लेअर करण्याआधी बर काढताना पाईपचं तोंड खाली हवं, नाहीतर कीस आत पडतो. नटाला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना): दोन सुती म्हणजे पाव इंची पाईपला १४ ते १८ न्यूटन-मीटर, चार सुतीला साधारण ५० ते ६०. व्हॅक्यूमआधी नायट्रोजन भरून दाबाची चाचणी आणि चारही जोडांवर साबणाचा फेस. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कुणी आणला तर काम थांबवा; तेलाशी संबंध आला की स्फोट होऊ शकतो. जोड तपासल्याशिवाय टेप गुंडाळू देऊ नका.

गॅस भरायचाच झाला तर गळती बंद करून, व्हॅक्यूम करून, वजनकाट्यावर. किती ग्रॅम ते आउटडोअरच्या पट्टीवर छापलेलं असतं. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, त्यामुळे नुसता दाब बघून भरणं म्हणजे अंदाजपंचे.

बाकीच्या चुका

पाईपचा दर आधी न ठरवणं. किटमधला साधारण तीन मीटर असतो, वरचा मीटरवर लागतो. तांबं आहे का आणि जाडी किती, हे बिलावर लिहून घ्या. पाईप कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा लांब गेला तर गॅसही वाढवावा लागतो. मीटरला किती ग्रॅम ते मॅन्युअलमध्ये असतं.

ड्रेनला उतार न देणं. मीटरला एक सेंटीमीटर तरी हवा. मेकॅनिक जाण्याआधी ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओता आणि बाहेर पडताना बघा.

आउटडोअर बंद डक्टमध्ये किंवा कपड्यांच्या बाल्कनीत कोंबणं. स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. उघड्या नाल्याजवळ तर आणखी वाईट, तिथल्या वायूंनी तांब्याची कॉइल काळी पडते आणि गळते.

जुन्या प्लगवर काम भागवणं. डीबीपासून (घराच्या मुख्य वीजबोर्डापासून) वेगळी लाईन, किमान २.५ चौरस मिलिमीटर, अंतर जास्त असेल तर ४, वेगळा एमसीबी आणि खरं अर्थिंग.

बाहेरच्या भिंतीवर सेफ्टी बेल्टशिवाय चढणाऱ्याकडून काम करून घेणं. घाई तुमची असते, जीव त्याचा जातो. बेल्ट नसेल तर काम दुसऱ्या दिवशी होऊ द्या.

आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा कोर्स दोन वर्षांचा आहे. तो केलाय का, हे विचारण्यात काही गैर नाही. पण प्रमाणपत्रापेक्षा पिशवी बघा: पंप, टॉर्क रेंच, वजनकाटा, रीमर. नुसता पाना, हातोडी आणि टेप दिसली तर चहा द्या आणि काम देऊ नका.

घर बदलताना एसी काढणाराही असाच पारखून घ्या. काढण्याआधी सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, त्याला पंपडाउन म्हणतात. बारीक पाईपचा व्हॉल्व्ह बंद, गेजवरचा दाब शून्याजवळ आला की जाड पाईपचा बंद, लगेच मशीन बंद, आणि मगच नट सैल. मशीन चालू असताना जोड सुटला किंवा व्हॉल्व्ह बंद ठेवून कॉम्प्रेसर फिरत राहिला आणि एखादा जोड गळका असला, तर हवा आत ओढली जाते, तेलाबरोबर दाबली जाऊन पेटू शकते आणि कॉम्प्रेसर फुटू शकतो. कॉम्प्रेसर फिरत असताना कुणाचा पाना नटाकडे गेलेला दिसला, तर काही न विचारता आधी एमसीबी खाली करा.