गोव्यात नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांसाठी: सुट्टीचे दिवस कसे घालवावेत

नोकरी, बदली किंवा निवृत्तीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून गोव्यात राहायला आलेली आपली कुटुंबे पहिले वर्षभर पर्यटकांसारखीच वागतात, हे मी इतकी वर्षे फोंड्यात राहून पाहत आले आहे. रविवार आला की कळंगुट, गावाकडून पाहुणे आले की पुन्हा कळंगुट, आणि वर्षअखेरीस ‘गोव्यात पाहण्यासारखे तेवढेच’ असा निष्कर्ष. तीन दिवसांच्या सहलीवर आलेल्या माणसाला निवडीला वाव नसतो. ज्याचे घरच इथे आहे, त्याने मात्र ठिकाणांची यादी बाजूला ठेवावी आणि ऋतू, तिथी व भरती-ओहोटी पाहून घराबाहेर पडावे.

सर्वांत आधी पाण्याविषयी, कारण या एका बाबतीत झालेली चूक भरून निघत नाही. किनाऱ्यावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहावे. नुसता लाल झेंडा दिसला तर मुलांना गुडघाभर पाण्यातही सोडू नये. पावसाळ्यात समुद्र लांबूनच पाहावा. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की त्याच्याशी हुज्जत घालणारा माणूस बहुधा घाटावरचाच असतो, हे लिहिताना मला लाज वाटते. नदीत पोहायला शिकलेल्याला समुद्राच्या पाण्याची आत खेचणारी ओढ कळतेच असे नाही. त्याहूनही मोठा धोका आत, डोंगराच्या बाजूला आहे. बंद पडलेल्या चिरेखाणी, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणी, आणि डिचोली, सांगे या तालुक्यांतील जुने खाणखंदक पावसाने भरले की निळेशार, शांत तळ्यासारखे दिसतात. तिथे ना झेंडा असतो, ना जीवरक्षक, ना उतरती कड. चिऱ्याची भिंत सरळ खाली गेलेली असते आणि पाय टेकायला जागाच मिळत नाही. दर पावसाळ्यात अशा पाण्यात कोणी ना कोणी बुडाल्याची बातमी येते. मुलांच्या मित्रमंडळींची सहल ठरत असेल, तर कुठल्या पाण्यावर चालला आहात, हे आईवडिलांनी जागेच्या नावानिशी विचारून घ्यावे आणि चिरेखाण असेल तर सरळ नाही म्हणावे.

किनाऱ्यावर चूल मांडून स्वयंपाक करणे आणि उघड्यावर मद्यपान करणे यांवर 2019 पासून कायद्याने दंड आहे, आणि तो एकट्यापेक्षा गटाला जास्त बसतो. पातेली, गॅसची टाकी आणि पन्नास माणसे घेऊन बसने येण्याची आपली पद्धत इथे चालत नाही. गाडी वाळूत घालणे हाही गुन्हा आहे. ओल्या वाळूत रुतलेल्या गाडीकडे भरतीचे पाणी येताना पाहणाऱ्या मालकाचा चेहरा एकदा पाहिला की दंडाची पावती निराळी दाखवावी लागत नाही. पाहुण्यांसाठी जादा स्कूटर किंवा मोटार भाड्याने घ्यायची असेल, तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी.

आता एका रविवारचा मार्ग सविस्तर सांगते, कारण मी प्रत्येक नव्या कुटुंबाला आधी इथेच पाठवते. सकाळी लवकर जुन्या गोव्याला पोहोचावे. बॉम जेझू आणि से कॅथेड्रल ही 1986 पासून जागतिक वारसा यादीत असलेली चर्चे गर्दी होण्याआधी पाहून घ्यावीत आणि व्हाइसरॉयच्या कमानीखालून चालत धक्क्यावर यावे. तिथून दिवाडी बेटावर फेरीबोट जाते. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही. बोट टेकल्याबरोबर लोखंडी फळी खाली पडते, आधी समोरची वाहने उतरतात आणि मग इकडची चढतात. या गडबडीत मुलांचा हात धरून कडेला उभे राहावे. स्वतःचे वाहन नेत असाल, तर हात करणाऱ्या खलाशाचे ऐकावे. तो सांगेल त्याच कोपऱ्यात गाडी लावावी लागते. दिवाडीवर भातशेतीमधून जाणारा रस्ता, टेकडीवरचे पिएदादचे चर्च आणि जुनी घरे पाहून बेटाच्या दुसऱ्या बाजूला यावे. तिथून दुसरी फेरीबोट नार्व्याला जाते.

नार्व्याचे सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे दैवत. ते मूळचे दिवाडीचे. पोर्तुगीज काळात देऊळ उद्ध्वस्त झाल्यावर देव नदीपलीकडे आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सध्याच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. तसा शिलालेख तिथे आहे. तो शोधण्याचे काम मुलांवर सोपवावे, म्हणजे मोठ्यांना दीपस्तंभापाशी थोडे निवांत बसता येते. आपल्याकडच्या कित्येक लोकांना गडकोट तोंडपाठ असतात, पण घरापासून तासाभरावर असलेले हे देऊळ माहीत नसते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरा भरतो. रंगीत झेंड्यांची ती मिरवणूक पाहायची असेल, तर वाहन अलीकडेच ठेवून पायी बोटीत चढावे.

शेजारच्या चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. कांदळवनातील होडीची फेरी भरती असेल तरच धड होते, म्हणून आदल्या दिवशी वेळ विचारून जावे.

दूधसागरला मुलांना न्यायचे असेल, तर पावसाळा संपल्यावर कुळेहून सुटणाऱ्या जीपने न्यावे. एका जीपमध्ये साधारण सात जण बसतात, त्यामुळे दोन कुटुंबांनी मिळून जाणे सोयीचे पडते. भर पावसात रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणे बेकायदेशीर आहे. 2023 च्या जुलैमध्ये तसे निघालेल्या तरुणांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. त्याच बाजूला जंगलात असलेले तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर अवश्य पाहावे. बोंडल्याचे प्राणिसंग्रहालय लहान मुलांना आवडते. ते गुरुवारी बंद असते. सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर प्राचीन खोदचित्रे आहेत. तिथले बैल, हरणे आणि गोल चक्रव्यूह पावसाळा उलटल्यावरच नीट दिसतात. मिरामारचे विज्ञान केंद्र आणि बोगमाळ्याचे नौदल विमान संग्रहालय ही पावसाच्या दिवसांसाठी राखून ठेवावीत.

मात्र गोव्यातील खरी करमणूक ठिकाणांपेक्षा तिथींवर चालते. आषाढी एकादशीनंतर माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळण्याचा उत्सव, होतो. मुलांना जुने कपडे घालून न्यावे आणि परतीसाठी गाडीत प्लास्टिक अंथरावे. गणेश चतुर्थीच्या, म्हणजे इथल्या चवथीच्या, आधी फोंड्यात, म्हापशात माटोळीचा (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचा) बाजार भरतो. सुपारीचे कात्रे, आंबाडे, तोरिंगे, रानातली कवंडळे अशी फळे एका ठिकाणी पाहायला मिळतात आणि विकणाऱ्या बायका मुलांना प्रत्येकाचे नाव सांगतात. दिवाळीतली नरकासुराच्या पुतळ्यांची रात्र कर्कश झाली आहे, असे माझे मत आहे. तान्हे मूल असेल तर घरीच थांबावे. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळ विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत सजवलेल्या नौका सोडतात, ते मात्र चुकवू नये. शिगम्याची, म्हणजे इथल्या शिमग्याची, चित्ररथ मिरवणूक प्रत्येक शहरात वेगळ्या दिवशी असते आणि जाहीर केलेल्या वेळेवर ती कधीच सुरू होत नाही. लईराई देवीच्या शिरगाव जत्रेत 2025 साली चेंगराचेंगरीत माणसे दगावली. तिथे दर्शनाला दिवसा जावे. होमकुंडाच्या, म्हणजे भक्त निखाऱ्यांवरून चालतात त्या, रात्री लहान मुलांना नेऊ नये.

गोवेकर आळशी आहेत, असे नवीन मंडळी दुपारची बंद दुकाने पाहून पटकन म्हणतात. त्यांनी हिवाळ्यात एखाद्या गावच्या जत्रेत रात्र काढावी. देवाची पालखी फिरून आली की देवळासमोरच्या मंचावर मराठी नाटक सुरू होते. दिवसा शाळेत, बँकेत, पंचायतीत काम करणारी माणसे रात्री एक वाजता तलवारी घेऊन पाठ केलेली लांबलचक भाषणे म्हणत असतात, आणि पुढच्या रांगेतल्या आजीबाई विसरलेला शब्द त्यांना हळूच सांगतात. मराठीवरचे हे प्रेम पाहून भारावून जावे, पण शेजाऱ्याला ‘कोकणी म्हणजे मराठीचीच बोली’ असे शिकवायला जाऊ नये. त्या वादात इथली पिढीच्या पिढी झिजली आहे आणि परगावच्या माणसाने त्यात तोंड घालण्याचे कारण नाही. शेजारी कोकणीत बोलेल, तुम्ही मराठीत उत्तर द्या. दोघांचेही काम होते.

जत्रेला जाताना मुलांना दुपारी झोपवून घ्यावे, बसायला सतरंजी आणि अंगावर एक स्वेटर असावा. खाजे (जत्रेतला गोड खाऊ) आधीच विकत घेऊन ठेवावे, कारण मध्यंतरापर्यंत चांगले खाजे संपलेले असते. धालोसाठी, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचासाठी, बोलावणे आले तर जरूर जावे, मात्र मांडावर (धालो खेळण्याच्या पवित्र जागेवर) चपला घालून पाऊल टाकू नये, आणि फोटो काढायचा तर आधी विचारावे.