पुस्तकाची पीडीएफ पुढे पाठवण्यापूर्वी

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एखाद्या गाजलेल्या मराठी पुस्तकाची पीडीएफ येते. पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा दिसत असतो आणि आतल्या पानावर ग्रंथालयाचा अर्धवट कापला गेलेला शिक्का असतो. अशी फाइल पुढे पाठवण्यापूर्वी त्या पुस्तकावर अजून कोणाचा हक्क आहे का, हे पाहून घ्यावे.

प्रथम लेखकाच्या निधनाचे वर्ष शोधावे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे असे लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले, पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०६० च्या अखेरपर्यंत राहील. येथे एक गफलत नेहमी होते. मूळ लेखन खुले झाले तरी नव्या आवृत्तीतील प्रस्तावना आणि चित्रे यांचे हक्क वेगळे असू शकतात, अनुवादकाचा हक्कही स्वतंत्र असतो, म्हणून जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचे स्कॅन निर्धास्तपणे वाटता येत नाही.

हक्क शिल्लक असेल तर पुस्तक महाग असल्याची सबब पुढे येते, आणि ती पुष्कळदा खरीही असते. तरी हिशेब मांडून पाहावा. ३५० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के रॉयल्टी धरली तर लेखकाला प्रतीमागे ३५ रुपये मिळतात, आणि हजार प्रतींची आवृत्ती संपूर्ण खपली तरी ३५,००० रुपये. उरलेल्या रकमेत कागद, छपाई, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि विक्रेत्याचे कमिशन भागवायचे असते. किंमत परवडत नसेल तर ग्रंथालय, जुन्या पुस्तकांचे दुकान किंवा ईबुक पाहावे, अथवा मित्राने विकत घेतलेली प्रत मागून वाचावी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तर आपली अनेक पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत.

आवृत्ती संपलेल्या पुस्तकांचे प्रकरण मात्र नाजूक आहे. वर्षानुवर्षे पुनर्मुद्रण न करणारा आणि ईबुकही न काढणारा प्रकाशक चोरट्या प्रतींविषयी तक्रार करतो, तेव्हा मला त्याची अर्धीच कीव येते. पण लेखकाचा त्यात काही दोष नसतो. पुस्तकाच्या श्रेयपानावर बहुधा हक्कधारकाचे नाव आणि प्रकाशकाचा पत्ता सापडतो, तेथे लिहून परवानगी मागावी. अभ्यासासाठी स्वतःपुरती काही पाने काढून घेणे कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसू शकते. अख्खे पुस्तक अडीचशे जणांच्या गटावर टाकणे बसत नाही.

ज्याने फाइल टाकली, त्याला चारचौघांत चोर म्हणू नये, कारण त्याने ती बहुतेक वेळा वाचनाच्या हौसेपोटीच पाठवलेली असते. त्याला वेगळा निरोप पाठवून, ईबुक असल्यास त्याची लिंक द्यावी आणि गटावरील फाइल सर्वांसाठी डिलीट करण्यास सुचवावे. ती सोय ठरावीक मुदतीपुरतीच मिळते, तेव्हा निरोप त्याच दिवशी गेलेला बरा.