पक्षाघातानंतर हात रोबोटवर कसा तपासावा

कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात स्टीफन स्कॉट यांनी घडवलेलं किनार्म हे यंत्र हाताची हालचाल मोजतंच, शिवाय हात कुठे आहे हे रुग्णाला न बघता कितपत उमगतं तेही मोजतं. हे दुसरं काम थेरपिस्टच्या नजरेला अवघड.

निम्मी तपासणी रुग्णाला नीट बसवण्यातच असते. दोन्ही हात पन्हाळीसारख्या आधारांत ठेवा. वजन यंत्र पेलतं, हात आडव्या पातळीत फिरतो. यंत्राचे सांधे खांदा आणि कोपर यांच्या सांध्यांशी जुळायलाच हवेत. मग रुग्णाचं कोपर स्वतः हळू वाकवून बघा. हात आधारात सरकला किंवा कातडी ओढली गेली, तर आधाराची लांबी पुन्हा जुळवा, नाहीतर पडद्यावरचा ठिपका खऱ्या बोटाच्या टोकावर पडत नाही आणि पुढचे सगळे आकडे फुकट. रुग्ण धडाने पुढे झुकत असेल तर पट्टा लावा. खांदा दुखत किंवा निखळत असेल तर ओढाताण नको, तिथेच थांबा.

आधी पोहोचण्याची चाचणी: मधल्या बिंदूवरून 10 सेंमी दूरच्या 8 बिंदूंपैकी जो उजळेल त्याकडे झटपट आणि अचूक जायचं. ही दोन्ही हातांनी करून घ्या. कारण खाली येतंच. हात निघायला लागलेला वेळ, सुरुवातीची दिशा आणि वाटेत वेग किती वेळा चढला-उतरला, हे यंत्र नोंदवतं. एकाच बाजूचे बिंदू सुटत असतील तर हाताला दोष देण्याआधी दृष्टिक्षेत्र आणि त्या बाजूकडचं दुर्लक्ष (म्हणजे मेंदूच्या इजेमुळे त्या बाजूचं भानच न राहणं) तपासा.

मग जाणिवेची. हात झाकलेले, रोबोट बाधित हात एका जागी नेऊन ठेवतो आणि रुग्णाने दुसरा हात आरशातल्या प्रतिमेसारखा जुळवायचा. घाई नको, ‘झालं’ म्हटल्यावरच पुढे. बोलता येत नसेल तर खूण आधी ठरवून घ्या. सूचना न कळल्यामुळे काही जण बाधित हातच हलवतात, म्हणून पहिला सराव हात दिसत असताना द्या. निकालात तीन गोष्टी वेगवेगळ्या वाचा: जुळवणी दरवेळी बदलते का, सगळं एका बाजूला सरकतं का, जुळवलेल्या बिंदूंनी व्यापलेली जागा आक्रसते का. ‘चांगला’ हातही पोहोचण्यात कच्चा निघाला असेल, तर इथली चूक निव्वळ जाणिवेच्या खात्यावर टाकता येत नाही.

निकालाची तुलना निरोगी लोकांच्या मापांशी, वय आणि लिंग लक्षात घेऊन होते. एकूण गुण जितका जास्त तितकी कामगिरी वाईट; तो 1.96 च्या वर गेला तर तो 95 टक्के निरोगी लोकांच्या पल्ल्याबाहेरचा. आधारांच्या लांब्या फायलीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच लावायच्या.